महालात वाकणाऱ्यांची टंचाई

सम्राटाला सम्राट ठरायला समोर निदान एक तरी माणूस वाकलेला लागतो. एरवी तो भारी कपडे घातलेला गृहस्थच असतो.

बीजिंगच्या उत्तरेला डोंगरात असलेल्या एका उन्हाळी महालाच्या व्यवस्थापनाला हे सत्य जरा उशिरा उमगलं. दारात राजवेश भाड्याने मिळू लागल्यापासून येणारा जवळपास प्रत्येक पुरुष सम्राट होई, प्रत्येक बाई सम्राज्ञी आणि पोरंटोरं युवराज. (एक आजोबा सेनापती झाले होते, पण ते मोठ्या मापाचा झगा संपला म्हणून.) दुपारी कमळतळ्याच्या पुलावर सम्राटांची कोंडी होई आणि कोणीच कोणाला वाट देत नसे. ‘राजेशाही वाटत नाही’ अशा तक्रारी वाढल्या. प्रजेचा तुटवडा तातडीने दूर करणं प्रशासनाला भाग पडलं.

तो दूर करायला बियान देशुन निवडला गेला. दक्षिण दरवाजावरचा हा पहारेकरी. उभं आयुष्य ताठ उभं राहण्यात गेलेलं.

“बियानकाका, तुमची पाठ फोटोत खुपते हो,” संचालिका शुए मॅडम म्हणाल्या. “उद्यापासून तुम्ही खोजे.”

“काय?”

“राणीवशातले सेवक, खच्ची केलेले. ऐतिहासिक पद आहे. वाकायचं, छत्री धरायची, ‘महाराज चिरायू होवोत’ म्हणायचं.”

“मॅडम, मला बायको आहे. मुलगा आहे.”

“पदोन्नतीच्या आड घरचं येऊ देऊ नका.”

बियान वाकला. (नकार देण्याची मुभा होती, पण तिच्यासोबत घरी बसण्याचीही मुभा जोडलेली होती.) पहिल्या दिवशी त्याचे कान लाल झाले. हळूहळू कंबरेला सवय झाली, आणि ते त्याला जास्त लागलं. घरी त्याने सांगितलं, “वारसा संवर्धन विभागात घेतलंय.” त्याची बायको सुलान हे अभिमानाने सगळ्या गल्लीला सांगून आली.

याच सुमारास मुलाचं लग्न ठरत आलं. मुलीचे वडील यान मिंगथांग शहराच्या तापपुरवठा कंपनीत उपप्रमुख होते, म्हणजे हिवाळ्यात कोणाचं घर ऊबदार राहणार हे ठरवणाऱ्या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसत. घराणं तोलामोलाचं हवं, एवढीच त्यांची अट. बोलणी जेवणावर ठरली.

बियान बायको-मुलासह खानावळीत येऊन बसला होता, तेवढ्यात यान मुलीला घेऊन दारातून आत आले. बियान हसून उठला आणि त्याची कंबर आपोआप लवली. यानांचा हात आपोआप वर गेला, ‘ऊठ’ म्हणायला.

दोघेही तसेच थिजले. आठवड्यापूर्वी याच यानांनी पिवळा झगा घालून बियानला तीनदा गुडघ्यावर बसवलं होतं. पहिल्या दोन्ही फोटोंत सम्राज्ञीचे डोळे मिटले होते.

“बसताय ना?” सुलान म्हणाली. “बदक निवतंय.”

यान बसले. मुलाकडे पाहिलं, बियानकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “बियानसाहेब, रागावू नका. मुलीचा प्रश्न आहे, म्हणून विचारतो. तुम्ही... खरोखरचे...?”

बियानने मान खाली घातली. सुलानला सगळं कळायला एक घोट चहा लागला. कप ठेवून ती म्हणाली, “पुरावा तुमच्यासमोर बसून बदक खातोय, व्याही. अजून कसला दाखला आणू?” मग नवऱ्याकडे वळून, “आणि अहो, तुमच्याशी घरी बोलते.”

यान मोकळं हसले. “मग हरकत नाही! उलट छानच. लग्नात मी झगा घालतो, व्याही माझ्या मागे छत्री धरतील. काय शोभा येईल!”

मुलगा उठू लागला. बियानने त्याचा खांदा दाबून त्याला बसवलं आणि बऱ्याच महिन्यांनी पाठ सरळ केली. “झगा मीही घालणार,” तो म्हणाला. “नाहीतर बदक बांधून न्या.”

यानांनी मुलीकडे पाहिलं. ती बियानच्या मुलाच्या ताटात वाढत होती. त्यांनी मान डोलावली.

लग्नाला दोन सम्राट असल्याची बातमी फुटली आणि पाहुण्यांनाही चेव चढला. मामा सम्राट, आत्या सम्राज्ञी, खानावळवाल्याने स्वतःही झगा चढवला. समारंभ अतिशय भव्य झाला. वाढायला कोणीच नसल्याने जेवण मात्र स्वयंपाकघरातच राहिलं. बियान आसनावर दिवसभर ताठ बसला. कंबर भयंकर दुखत होती, पण त्याने कोणाला कळू दिलं नाही. मुलगा-सून पाया पडायला आले तेव्हा मात्र त्याला आशीर्वाद सुचेना. तोच घाईघाईने उठून त्यांच्यापुढे वाकला.

महालाच्या व्यवस्थापनाने आता सेवकांचा वेशही ठेवला आहे, तोही मोफत. कोरा, घडी न मोडलेला, प्रत्येक मापात. आजवर कोणी मागितलेला नाही. आपण तिकडे गेलात तर जरूर विचारा. आपल्यासाठी नक्कीच शिल्लक असेल. नको म्हणता? हरकत नाही. पिवळ्या झग्यासाठी रांग डावीकडे आहे, आणि आपल्या पुढचे महाराजही हेच म्हणाले.