मोजणीकाकांचे दोन शाफ्ट

प्रल्हादकाका आमच्या घरी आले की चहाच्या आधी लाटणं मागतात. माझी बायको आता कारणही विचारत नाही, ओट्यावरचं लाटणं उचलून त्यांच्या हातात देते. काका ते फरशीवर आडवं ठेवतात, एका बोटानं ढकलतात, स्वतः गुडघ्यांवर टेकून एक डोळा मिटतात आणि लाटणं भिंतीला लागेपर्यंत श्वास रोखून धरतात. लाटणं सरळ गेलं तर "चालतंय" म्हणून उठतात. जरा जरी वळलं तरी बायकोकडं अशा काही नजरेनं बघतात, की तिला पोळ्या लाटायची लाज वाटावी. दोन वर्षांत आमच्याकडं तीन लाटणी बदलली, ती याच कारणानं.

बरं, हे लाटण्यावर थांबत नाही. छत्री, खराट्याचा दांडा, पडद्याची सळई, जे लांब आणि गोल असेल ते काकांना जमिनीवर गडगडवून बघावंच लागतं. पाथरीला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आजोबांची काठी अशीच मागून घेतली आणि मांडवभर गडगडवली. तोवर आजोबा खांबाला धरून उभे. काठी वाकडी निघाली. काकांनी ते भर पंगतीत जाहीर केलं आणि वरपक्ष दुपारपर्यंत रुसून बसला.

काका आमचे शेजारी. मोजणी खात्यात सारी नोकरी गेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना मोजणीकाका म्हणते. जिल्ह्यातले निम्मे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, त्यांच्या पायाखालून गेलेत. बोरीला दोन भावांचं शेत मोजायला गेले, तेव्हा मोजणीआधी दोघांनीही चहा पाजला आणि मोजणीनंतर दोघांनीही पाणी विचारलं नाही, हे ते फार अभिमानानं सांगतात. त्यांच्या मते बरोबर मोजणीची हीच खूण. "आधी हद्द बघा" हे त्यांचं पालुपद. टीव्हीवर दोन पुढारी भांडायला लागले की काका म्हणणार, आधी हद्द बघा. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं, तर यांनी विचारलं की हद्द कुठवर हाय ते दाखवा, मंग बोलू. काकूंना जाऊन चार वर्षं झाली, मुलगी नाशिकला. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून ते आमच्या लाटण्याशी बोलतात, असं माझी बायको म्हणते.

या माणसाला पूलचा, म्हणजे टेबलावर काठीनं बॉल मारायच्या त्या खेळाचा, नाद कसा लागला, ती गंमतच आहे. तीसेक वर्षांपूर्वी इथं परभणीत स्टेशन रोडवर टायरच्या दुकानाच्या माडीवर पूल पार्लर निघालं. काका त्या इमारतीच्या मोजणीला म्हणून वर गेले आणि त्यांनी हिरवं टेबल पाहिलं. इतकी सपाट जमीन त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. धुरा नाही, ओढा नाही, भाऊबंदकी नाही! फीत खिशात घालून ते तिथंच उभे राहिले. त्याच दिवशी खालच्या बाजूला शिलाईचं दुकान असलेले गफूरभाई टेलर वर आले होते. दोघांनी गंमत म्हणून एक डाव खेळला आणि तेव्हापासून ती जोडी झाली.

आमच्या पार्लरात एक रिवाज आहे, तो दुसरीकडं कुठं असेल असं वाटत नाही. जोडीचा सामना असला की दोघांनी एकाच काठीनं खेळायचं. एक फटका याचा, पुढचा त्याचा. सुरुवातीला तिथं धड अशा दोनच काठ्या होत्या, म्हणून एका जोडीला एक काठी द्यायचे. पुढं भिंतभर काठ्या आल्या, पण रिवाज राहिला. डाव सुरू व्हायच्या आधी काठी जाहीर करायची आणि मग ती शेवटपर्यंत बदलायची नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी पाथरीची एक जोडी येते आणि पितळी तांब्यासाठी सामना होतो. सलग सहा वर्षं तांब्या काकांकडंच होता. ते त्यानं तुळशीला पाणी घालायचे.

यंदा मात्र गोष्ट निराळी होती. गेल्या हिवाळ्यात गफूरभाईंना अर्धांगाचा झटका आला. चालते-बोलते झाले, पण उजव्या हाताची थरथर गेली नाही. दुकान जावयाकडं दिलं. पार्लरात यायचं तर सोडूनच दिलं होतं. काका रोज त्यांच्या घरी जाऊन बसायचे आणि शेवटी पोळ्यानंतर त्यांना जिना चढवून घेऊन आले. यंदाचा सामना खेळायला गफूरभाई कसेबसे तयार झाले, तेही एक अट घालून. "ये साल देखता, साब. नहीं जमा तो काठी रख देता." काका नुसतं "बघू" म्हणाले.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात काकांनी पुण्याहून नवा शाफ्ट मागवला.

शाफ्ट म्हणजे काठीचा पुढचा निम्मा भाग. मागचा दांडा तोच ठेवायचा आणि आट्यांवर फिरवून शाफ्ट बदलायचा. एका संध्याकाळी काका दोन्ही शाफ्ट घेऊन माझ्या दारात आले. "सर, तुमी फिजिक्सचे मास्तर. ह्या दोघांत काय फरक हाय, ते सांगा." मी ज्युनियर कॉलेजात वीस वर्षं हा विषय शिकवतोय आणि इतक्या आतुरतेनं मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं काही विचारलेलं नाही. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

प्रकार असा आहे. ज्यानं बाकीचे बॉल उडवायचे त्या पांढऱ्या बॉलला मधोमध मारलं तर तो सरळ जातो. फिरकी द्यायला म्हणून डाव्या अंगाला मारलं, की काठीच्या टोकाचं वजन त्याला ढकलतं आणि तो ठरवल्यापेक्षा थोडा उजवीकडं सरकतो. साध्या शाफ्टचं टोक जड, म्हणून सरकणं जास्त. नव्या शाफ्टचं टोक आतून पोकळ आणि हलकं, म्हणून सरकणं कमी. साध्या शाफ्टवर मुरलेला खेळाडू काय करतो, तर नेमच मुद्दाम चुकीचा धरतो, म्हणजे बॉल सरकून बरोबर जागी जातो. काकांनी तीस वर्षं हेच केलं होतं. त्यांच्यासारखी फिरकी परभणीत कुणाला देता येत नाही. पण नव्या शाफ्टवर बॉल सरकेचना, आणि काकांचा चुकीचा नेम चुकीचाच राहायला लागला.

मग आम्ही प्रयोग सुरू केले. अहो, काय ते दिवस! कॉलेज सुटलं की मी थेट पार्लरात. मी टेबलावर खडूनं रेघा मारायचो, काका फटके मारायचे आणि मी वहीत लिहायचो. काकांना वही पटेना. त्यांनी मोजणी नकाशाच्या कागदावर टेबल काढलं, चारी हद्दी दाखवल्या, बॉल पडतो त्या प्रत्येक खिशाला गट नंबर दिला आणि बॉलच्या वाटा लाल-निळ्या शाईनं आखल्या. खाली तारीख टाकून सहीसुद्धा केली. मी इतका रंगलो होतो की एकदा वर्गात न्यूटनचा नियम शिकवताना गट नंबर चार म्हणून गेलो. गफूरभाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आमचा तमाशा बघायचे. मधूनच काका त्यांना म्हणायचे, "तुमीबी चार मारा, तुलना होती." ते उठून चार फटके जुन्या शाफ्टनं, चार नव्यानं मारायचे आणि पुन्हा बसायचे. मी ते लिहीत नव्हतो. माझा प्रयोग काकांवर चालू होता.

निकाल लख्ख होता. जुन्या शाफ्टनं काका दहात नऊ बॉल खिशात घालत. नव्यानं तीन, आणि त्यातला एक नशिबानं. तीन आठवडे घासूनही तिनाचे चार झाले नाहीत. मी सही-शिक्क्यानिशी सांगितलं, काका, जुना. काका म्हणाले, "आधी हद्द बघा, सर." कसली हद्द, ते सांगेनात.

त्यांच्या चलबिचलीनं गल्ली वैतागली. दूधवाल्याला विचार, गॅसवाल्याला विचार. जुना की नवा? पोखर्णीच्या नृसिंहापुढं चिठ्ठ्या टाकून बघू म्हणाले, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. पहिली चिठ्ठी निघाली, जुना. काका म्हणाले, घडी नीट पडली न्हाई. पुन्हा टाकल्या. पुन्हा जुना. तिसऱ्यांदा टाकायला निघाले तेव्हा गुरवानंच हात जोडले, की दर्शनाची रांग थांबायलीय. येताना काकांनी 'जुना' लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवून दिली. मला वाटलं, चला, देवानं तरी ऐकवलं.

रविवार उजाडला. दुपारी पार्लरात पाय ठेवायला जागा नव्हती. पाथरीचे दोघं इस्त्रीच्या शर्टात आले होते. काठी जाहीर करायची वेळ आली तेव्हा काकांनी पिशवीतून नवा शाफ्ट काढला आणि शांतपणे आट्यांवर फिरवला. मी खुणा केल्या, खाकरलो, शेवटी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

पहिलाच फटका काकांचा. डावी फिरकी, झकास फटका, आणि बॉल खिशाच्या कडेला लागून परत. लोक हळहळले. पुन्हा पाळी आली, पुन्हा हुकले. तिसऱ्यांदा तर पांढराच बॉल खिशात गेला, म्हणजे फाऊल, आणि मागून कुणीतरी म्हणालं की काकांचं वय झालं. मला इतका राग आला होता, की उठून निघून जावंसं वाटत होतं. तीन आठवडे माझे, नकाशा त्यांचा, आणि हा माणूस सगळं टेबलावर उधळत होता.

मधल्या दोन पाळ्यांत गफूरभाईंना नेम धरण्याजोगा बॉलच मिळाला नव्हता. आता मिळाला आणि ते वाकले. हात थरथरत होता. काठीचं टोक बॉलपुढं असं हलत होतं, की ते कुठं लागेल याचा काही भरवसाच नव्हता. आणि लागलंही मधोमध नाहीच, बरंच उजवीकडं लागलं. तरी पांढरा बॉल सरळ गेला आणि समोरचा बॉल खिशात पडला. पुढच्या पाळीलाही पडला. लांबचा एक होता, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोही पडला. माडी दणाणली. मी खुर्चीवर चढून ओरडत होतो, हे मला मागाहून कळलं. आणि तसा ओरडत असतानाच, वीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. थरथरणारा हात मधोमध मारूच शकत नाही. जुन्या शाफ्टनं त्याचा प्रत्येक बॉल बाजूला सरकला असता. नव्यानं चूक पोटात घातली.

सामना आम्ही हरलो. शेवटचा, डाव ठरवणारा काळा बॉल काकांच्या पाळीला आला आणि त्यांनी तो हुकवला. पाथरीवाल्यांनी तांब्या उचलला. काका काठी पुसत बसले होते. गफूरभाई त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. काठी ठेवायची अट तेच विसरून गेले होते. चेहरा आनंदानं लाल झाला होता, लग्न पार पडलेल्या मुलीच्या बापासारखा.

"क्या साब, निशाना पूरा बिगड गया तुमारा," ते म्हणाले. "कल से रोज चार बजे आने का. मैं सिखाता."

काका मान खाली घालून "बरं" म्हणाले.

गफूरभाई गेल्यावर मी काकांना जिन्याखाली चहाच्या गाड्यावर गाठलं. विचारलं, की तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्याले नाहीत. मी म्हटलं, मग जुना घेतला असता तर तुमचे नऊ पडले असते, आपण जिंकलो असतो.

"गफूर हुकला की दुसऱ्या दिशी येत न्हाई, सर," काका म्हणाले. "पंधरा-पंधरा दिवस येत न्हाई. मी किती बी हुकलो तरी मी येतोच. मला दुसरीकडं जायला हाय कुठं?"

माझे डोळे भरून आले होते आणि ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

सोमवारी चार वाजता मी जिन्यात उभा राहून बघितलं. काका टेबलावर ओणवे होते. मागं गफूरभाई, आणि त्यांच्या त्या थरथरणाऱ्या हातानं ते काकांचं कोपर सरळ करत होते. कोपर सरळच होतं. पण काकांनी ते त्यांच्या हाती सोडून दिलं होतं आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "असं? का आणखी थोडं इकडं?"