वाणिज्यदूत उठले का नाहीत

छाती फुगवून उभं राहायची कप्तानांना भारी हौस. पण अलीकडे छातीबरोबर पोटही फुगायला शिकलं होतं, आणि गणवेश बिचारा जुन्याच मापाचा राहिला होता. युद्धनौका परक्या बंदराला लागली म्हणून तिथल्या आपल्या वाणिज्यदूतांनी कचेरीत मेजवानी दिली, तेव्हा कप्तानांनी छाती जरा जास्तच फुगवली. एक पदक टपकन तुटून खाली पडलं. ते उचलायला कप्तान वाकले, आणि मागून असा आवाज आला की बँडवाल्याला वाटलं, आपला ढोलच फुटला.

"अहो, तुमची पँट!" वाणिज्यदूत कानाशी पुटपुटले आणि कप्तानांना भिंतीला पाठ घासत घासत शेजारच्या आपल्या खोलीत घेऊन गेले.

"आता हो? राष्ट्रगीत सुरू होईल. सलामी मला द्यायचीय!"

वाणिज्यदूतांनी पाहिलं. कप्तानांची पँट पांढरी, आपलीही पांढरी. पोटाच्या बाबतीतही कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं. "ही घाला," ते पट्टा सोडत म्हणाले. "तुमची बायको शिवून आणेल. म्हणजे माझी बायको! तोवर मी टेबलामागे बसतो. मला कोण विचारतंय?"

विचारणारा नेमका त्याच आठवड्यात येऊन थडकला होता. वाणिज्यदूतांना पदावर ठेवायचं की घरी बसवायचं, हे ठरवायला मंत्रालयानं एक तपासनीस धाडले होते. दालनात गर्दी झाली म्हणून या गृहस्थांनी मधलं दार सताड उघडलं आणि त्याच घडीला बँड वाजू लागला. अख्खी मेजवानी ताठ उभी, पुढे कप्तान उसन्या पँटीत सलामी देताहेत. वाणिज्यदूत टेबलामागे ठाण मांडून बसलेले.

राष्ट्रगीत संपलं. "उठला का नाहीत?" तपासनीस कडाडले.

"उठता येत नव्हतं, साहेब."

"पाय दुखतात?"

"नाही."

"मग?"

वाणिज्यदूतांनी कप्तानांकडे पाहिलं. कप्तानांनी छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काहीही नव्हतं, तरी ते बराच वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी वाणिज्यदूतांच्या पत्नी जहाजावर आल्या. शिवलेली पँट त्यांनी कप्तानांच्या हातात ठेवली. "यांना काढायचं चाललंय. राष्ट्रगीताचा अपमान केला म्हणे! आणि हे तोंड उघडायला तयार नाहीत. म्हणतात, पाहुण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. भाऊ, आमच्या अब्रूचं काय?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कप्तानांना झालं. पण उभे होते जहाजावर, तिथे धरणी कुठली! "वहिनी, त्यांना पदावर ठेवा म्हणून मी आजच लिहितो," ते कसंबसं म्हणाले.

केबिनचं दार लावून लिहायला बसले. वादळात सुकाणू न सोडणारा हात 'पँट' या दोन अक्षरांशी येऊन अडला. हा कागद मंत्रालयात जाणार, तिथले कारकून चहा पिता पिता तो मोठ्यानं वाचणार, एकमेकांना टाळ्या देणार. कप्तानांचे कान तापले. त्यांनी 'पँट' खोडून 'विजार' लिहिलं. तेही खोडून 'अधोवस्त्र' लिहिलं, तर ते आणखीच उघडं दिसायला लागलं. शेवटी शब्दच गाळला. समजायचं त्याला समजेल.

"ऐन समारंभात माझी फाटली. अशा वेळी वाणिज्यदूतांनी माझी लाज राखली, आणि म्हणूनच ते जागचे हलले नाहीत. चूक सर्वस्वी माझी आहे. असा मनुष्य पदावर राहिलाच पाहिजे."

मंत्रालयाला समजलं, पण भलतंच. तिथून हुकूम सुटला: "ज्या प्रसंगी प्रत्यक्ष युद्धनौकेच्या कप्तानांची भीतीने गाळण उडाली, त्या प्रसंगी आमचे वाणिज्यदूत जागचे हललेही नाहीत. अशा निधड्या छातीच्या माणसाला त्याच्या जागेवरून हलवू नये."

वाणिज्यदूत राहिले. कप्तानांना मात्र नौदलाच्या थोरल्या साहेबांचं बोलावणं आलं.

"वादळात तुम्ही डुलक्या घेता, असा तुमचा लौकिक," थोरले साहेब म्हणाले. "मग त्या मेजवानीत एवढी फाटली कशानं?"

"वाकल्यानं, साहेब."

"काय?"

"पँट, साहेब. पँट फाटली." कप्तानांची नजर बुटांवरून वर येईना.

थोरले साहेब उठले, दार लावून आले, घोटभर पाणी प्यायले. "आणि ते वाणिज्यदूत जे बसून राहिले, ते..."

"त्यांची माझ्या अंगावर होती, साहेब. आता सगळं खरं लिहून टाकतो. लोक मला भित्रा म्हणतात, ऐकवत नाही."

"खबरदार! विनापँट राष्ट्रगीत ऐकणाऱ्याला मंत्रालय एक दिवस ठेवील का? त्यांची खुर्ची टिकायची तर तुम्हाला भित्रंच राहायला हवं. राहाल?"

कप्तानांना जहाजावर आलेल्या वहिनी दिसल्या. "राहतो, साहेब."

बाहेरच्या खोलीत कारकून त्यांचीच वाट पाहत होते. ते येताच एकानं गंमत म्हणून टेबलाचा खण धाडकन आपटला. कप्तान क्षणभर थांबले. मग मान खाली घालून, सगळ्यांना नीट दिसेल असे, व्यवस्थित दचकले.