लिवलं नाय, तं झालं नाय

बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात एका कुत्र्याला दस्तऐवज क्रमांक आहे. कुत्र्याचं नाव फोरमन. गळ्यातल्या पाटीवर दामूकाकांनी तो क्रमांक स्वतः रंगवलाय आणि खाली लिहिलंय, ‘धोका – कमी. भुंकणे – दुपारी.’

दामूकाका माकुणसारचे. कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात ऑपरेटर. मी मनोरजवळच्या पाड्यावरची, आमच्या घरातली पहिली पदवीधर. मला घेतलं होतं पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली बसवायला. परदेशी गिऱ्हाईक म्हणालं होतं, प्रमाणपत्र नाही तर माल नको. मालक म्हणाले होते, प्रमाणपत्र नाही तर तुम्हीही नको.

पहिल्या प्रशिक्षणाला चाळीसजण आले आणि समोसे संपेपर्यंत टिकले. बॉयलरवाला जाताना म्हणाला, “मॅडम, ये सब कागज का काम है.” मी तरी नेटाने सांगत राहिले, की जे लिहिलेलं नाही ते झालंच नाही, असं तपासनीस धरतात.

शेवटी एकटे दामूकाका उरले होते. “म्हंजे लिवलं नाय, तं झालं नाय. बराबर ना, बाय?”

मला इतका आनंद झाला, की मी त्यांना तारखा छापलेली जाडजूड वही दिली. चूक माझीच.

‘९.१० पाणी आलं, लाल. ९.१२ वास, कुजक्या अंड्याचा. ९.१५ फोरमन शिंकला.’ शिंकेवर मॅनेजरची सही हवी म्हणून काका ऑफिसात गेले. मग लेबलं सुरू झाली. जेवणाच्या डब्यावर ‘घातक नाय’. स्वतःच्या खुर्चीवर ‘एक माणूस, जुना’. एकदा माझ्या चपलांवर पिवळी चिठ्ठी सापडली, ‘जागेवर नाय’.

तपासणीच्या दिवशी बॉयलरची वही आधी उघडली. महिनाभराचे आकडे एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेले. बॉयलर दुरुस्तीला उघडून ठेवला होता, त्या चार दिवसांचेसुद्धा. तपासनीसांनी चष्मा काढून पुसला. मला माझं सामान बांधलेलं दिसू लागलं.

मग दामूकाकांची वही. फोरमनच्या शिंकेला तपासनीस हसले. पुढे होतं, ‘पाणी अजून नीट नाय. सोडलं नाय. मोठे साहेब ओरडले. तरी सोडलं नाय.’ तिथे ते हसायचे थांबले.

“ही वही खरी आहे,” ते म्हणाले. पानं उलटता उलटता मात्र अडले. “इथे श्रावणातली तेरा पानं कोरी?”

त्या दिवसांत बदली माणसाने पाणी तपासलं होतं, पण सुट्या कागदावर. काकांच्या वहीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

काका फोरमनच्या कानामागे खाजवत राहिले. “लिवलं नाय,” ते म्हणाले, “तं झालं नाय.”

काकू गेल्या होत्या. चौदाव्या दिवशी काका कामावर आले आणि लिहू लागले, ‘९.१० पाणी आलं.’

तपासनीसांनी बॉयलरची वही महिनाभर खरी भरून दाखवायला सांगितली. दुसरी त्रुटी कोऱ्या पानांची. तिचा फॉर्म मी भरायचा, मग प्रमाणपत्र. कारणाच्या रकान्यात मी ‘रजा’ लिहिलं. पुढचा रकाना होता, ‘पुन्हा असे घडू नये म्हणून उपाय’. त्यात ‘लागू नाही’ लिहून मी खोडलं. मग लिहिलं, ‘सुट्या कागदाला वहीइतकाच मान. शिवाय रोज चार वाजता ऑपरेटरसोबत चहा. जबाबदारी – पर्यावरण अधिकारी.’

तपासनीसांनी फॉर्म मंजूर केला.

पहिल्या चहाला काकांनी संशयाने विचारलं, “ह्ये फॉर्मात हाय का?”

“आहे, काका.”

“मंग बस.”

प्रमाणपत्र आता गेटजवळ लटकतंय. परवा मी पालघरला एका सरकारी कामात अडकले आणि चहाला उशीर झाला. काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

‘४.०० बाय नाय आली. ४.१० नाय आली. ४.२० फोरमनला गेटवर उभा केला. ४.३५ आली.’