पत्ता अपुरा असल्यास

योनामामा प्रार्थनेत देवाला पत्ता सांगत. "आमच्या आजारी बहिणीला बरं कर" असलं मोघम त्यांना चालत नसे. "हे परमेश्वर बापा, सरलाबाई, मुक्काम महाड, चवदार तळ्यामागची आळी, पिठाच्या गिरणीवरचा माळा, जिना बाहेरून आहे, हिचा गुडघा बरा कर." गुडघा बरा करायला येणाऱ्याला जिन्याचं आधी सांगितलेलं बरं, असा त्यात विचार.

बत्तीस वर्षं ते पोलादपूर तालुक्यात पोस्टमन होते. उमरठपासून वरच्या वाड्यांपर्यंत एकही उंबरा त्यांच्या चपलेनं सोडला नव्हता. "मामा, देवाला सगळं ठाऊक असतं," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "असतं गं. पण पत्ता अपुरा असला की टपाल फिरतं. त्यात देवाचा काय दोष?"

बायबलातला योना हा देवानं एका गावी पाठवल्यावर भलत्याच गावचं जहाज पकडणारा गृहस्थ. ते नाव ठेवलेला माणूस पोस्टमन झाला, हा आमच्या चर्चच्या मंडळीतला जुना विनोद. मामांना तो आवडत नसे. "माझ्या सांगण्यानं आजवर एक माणूस चुकला असेल तर दाखवा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

ते माझ्या आईचे चुलतभाऊ, म्हणून माझे मामा आणि पुढे सगळ्या मंडळीचेच. आमच्या गोतातला प्रत्येक जण त्यांच्या प्रार्थनेत पत्त्यासकट येई. येत नसे ती फक्त मार्था, त्यांची एकुलती मुलगी. या गोष्टीच्या सहा वर्षं आधी लग्नावरून बापलेकीचं बिनसलं आणि ती मुंबईला निघून गेली. तिचं नाव मामांसमोर काढायचं नाही, हे आम्ही सगळे न सांगता पाळत होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या तरुण संघाचं उन्हाळी शिबिर मामांच्या जुन्या टपालवाटेवरच्या कुडपणच्या शाळेत भरलं. सकाळी शास्त्रपाठ, दुपारी गावाचा झरा उपसायचा, संध्याकाळी गाणी. प्रमुख मी. कशी, तर निवडीच्या सभेत चहा उकळला का बघायला मी उठले आणि परत येईपर्यंत एकमत झालं होतं. मी शाळेत चित्रकला शिकवते. समोरचं पोर हललं तर मला त्याचं चित्रसुद्धा काढता येत नाही, आणि इथं सव्वीस हलती पोरं माझ्या हवाली! एसटी सुटताना एकेक आई खिडकीशी येऊन सांगून गेली. "बाई, आमच्या सुझनला विंचवाची भीती वाटते." मलाही वाटत होती, पण मला सांगायला आई आली नव्हती.

मदतीला योनामामा. ते दर जेवणाआधी सव्वीस जणांना पत्त्यासह देवाच्या हाती सोपवत. यादीत शेवटी असलेल्या अलिबागच्या पोरांपर्यंत येईतो भात गार होई आणि तीच कुरकुरत.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुझन, रूबेन, प्रिया आणि अनुग्रह या चौघांना पलीकडच्या वाडीवर पाठवलं, संध्याकाळच्या गाण्यांचं आमंत्रण द्यायला. गावातलं कुणी वाटेला बरोबर द्यावं, असं मी म्हणत होते. मामा दुखावले. "मी असताना वाटाड्या?" त्यांनी कागदावर ठसठशीत अक्षरात वाट लिहून दिली: पाणवठा ओलांडणे, मोठ्या आंब्याखालून डावीकडे, पुढे सरळ. "पाचाच्या आत परत."

पाच वाजले. साडेपाच वाजले. डोंगराच्या माथ्यावर ढग येऊन बसले. सहाला मी शाळेची किल्ली सांभाळणाऱ्या धोंडूभाऊंना गाठलं.

"येतील गो बाय. घाबरतंस कशाला? वाघ नाय इथं."

"नाही ना?"

"नाय. डुकरं हायत."

मी पायरीवर बसले. मनातल्या मनात चार आयांना चार वेगवेगळ्या वाक्यांत बातमी सांगून झाली. एकही वाक्य पुरं झालं नाही.

"वाट तर मी लिहून दिलीय," मामा म्हणाले. "मोठ्या आंब्याखालून डावीकडे."

धोंडूभाऊंनी विडी तोंडातून काढली. "कंचा आंबा? पाणवठ्यावरचा? तो कवाच पडला पोस्टमन. चार पावसाळं झालं. आता मोठा आंबा म्हंजे पार तिकडं, दरीकडं."

योनामामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत काढला. धोंडूभाऊ गावातली दोन माणसं आणि बॅटरी घेऊन दरीकडे निघाले. आम्ही उरलेले शाळेच्या पडवीत गोल उभे राहिलो. कुणीतरी म्हणालं, "मामा, प्रार्थना करा."

मामांनी डोळे मिटले. "हे परमेश्वर बापा. सुझन, रूबेन, प्रिया, अनुग्रह. राहणार..." आणि थांबले. राहणार कुठले ते त्यांना तोंडपाठ होतं. आत्ता कुठे आहेत, ते माहीत नव्हतं. मी एक डोळा उघडला. मामांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"पत्ता माहीत नाही बापा," शेवटी ते म्हणाले. "मीच चुकीचा दिला. पोरं चालत राहिली आणि मी इथं बसून राहिलो. तू शोध. आणि शोधायला निघालाच आहेस तर मार्थालाही बघ. तिचाही पत्ता नाही माझ्याकडे. मीच म्हटलं होतं तिला, पत्र टाकू नकोस म्हणून. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटणारा मी, आणि..."

पुढे आमेन आलंच नाही. डोळे कधी उघडायचे ते कुणाला कळेना.

मला तर मुळीच कळेना, कारण मार्थाचा पत्ता माझ्या पर्समधल्या डायरीत होता. दर नाताळला ती मला कार्ड पाठवायची. खाली एकच ओळ: "पप्पांनी विचारलं तरच दे." त्यांनी सहा वर्षांत विचारलं नव्हतं, आणि मी नियम पाळणारी बाई. आता त्यांनी विचारलं होतं. मला नव्हे इतकंच.

दरीकडून आधी गाणं ऐकू आलं, मग बॅटरी दिसली. पुढे धोंडूभाऊ, मागे आमचे चौघे, फणसाच्या गऱ्यांनी चिकट झालेले, आणि त्यांच्यामागे दरीकाठची अख्खी वाडी, पोराबाळांसकट. पोरांनी त्या वाडीलाच मामांनी सांगितलेली वाडी समजून आमंत्रण दिलं होतं. मग गरे झाले, चहा झाला आणि आग्रहानं तिथंच गाणी झाली. सुझन म्हणाली, "ताई, मला विंचू दिसला!" जणू बक्षीसच मिळालं होतं. मी तिला आधी मिठीत घेतलं आणि मग ओरडले. क्रम उलटा हवा होता, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

बोलावलेली वाडी आली नाही, न बोलावलेली आली, आणि कार्यक्रम झकास झाला. शेवटी मामांनी चारच शब्दांत आभार मानले. "चौघांची पोच मिळाली, बापा." एवढं म्हणून ते जरा वेळ तसेच उभे राहिले, दारात पोच घ्यायला पोस्टमन उभा राहतो तसे.

सकाळी पेजेचं पातेलं उतरत होतं, तेव्हा मी डायरीचं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. काय ते सांगितलं नाही. धीर नव्हता. मामांनी कागद लांब धरला. मग जवळ. मग पुन्हा लांब.

"पिनकोड नाही घातलास," ते म्हणाले.

"राहिला मामा."

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि मुंबईतल्या त्या वस्तीचा पिनकोड खाली स्वतः लिहिला. कुठेही न बघता. मोजून सहा आकडे, पण शेवटचा आकडा लिहायला त्यांना फार वेळ लागला.

पेजेआधीची प्रार्थना त्या दिवशी सव्वीस जणांवर थांबली नाही. सत्ताविसावा पत्ता आला: चाळ, खोली, मजला, सगळं. मामांनी तो सांगितला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

पेज गार झाली. अलिबागची पोरंसुद्धा कुरकुरली नाहीत.