सतरा सेकंदांची ओळ

"पाच मिनिटांत सांगतो!" मी छाती फुगवून म्हणालो, आणि तिथेच घोळ सुरू झाला.

माझी पुतणी शमिका इथल्या एका कंपनीत अंतराळयानाचं सॉफ्टवेअर लिहिते. माणसं घेऊन यान दूर गेलं, की इंजिन कधी पेटवायचं, कधी विझवायचं, हे ते ठरवणार. त्यातला थोडा भाग तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या प्रोग्रॅममधून उचललेला. त्यात एक ओळ सापडली: पेटवण्याआधी सतरा सेकंद थांब. शेजारी माझीच टीप: "काढू नये. मधुकर."

"काका, कारण सांगता आलं नाही तर उद्या आमचं काम नापास!" शमिका रडकुंडीला आली होती.

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून चामराजपेटच्या घरून रिक्षाने कंपनीत पोचलो. काम तपासायला श्रीविद्या मॅडम, कानडी. मला तर काहीएक आठवेना! पण तसं कबूल करेन तो मी कसला?

"वजन नसलं की टाकीत इंधन तरंगतं. ते तळाशी बसायला सतरा सेकंद!" दिलं ठोकून.

"सरी अण्णा, ठीक आहे. पण ही टाकी दुप्पट आहे. म्हणजे चौतीस?"

"चौतीसच!"

मग इंधन तळाशी बसवायला तेवढा वेळ छोटी इंजिनं चालवायची, त्यांना जादा इंधन, त्याचं वजन... फळा भरला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "तीनऐवजी दोनच माणसं जातील." शमिका पांढरीफटक!

तेवढ्यात कॉफी आली. स्टीलचे पेले खणखणले आणि मला एकदम सूर्यकांत आठवला. आमचा सहकारी, एका पायाने अधू. चाचणीच्या वेळी कॉफी तोच आणायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. कॉफी दारात दिसली की साहेब चाचणीचं बटण दाबायचे. सूर्यकांत लंगडत खुर्चीशी येईपर्यंत सतरा सेकंद जायचे, आणि पडद्यावर इंजिन पेटताना त्याला कधी दिसायचंच नाही. म्हणून साहेबांच्या नकळत मी ती ओळ घातली होती. तो जाऊन सहा वर्षं झाली.

"मॅडम, मी थाप मारली," म्हणत सगळं सांगितलं.

"अय्यो अण्णा!" मॅडम डोळे पुसत हसल्या.

शमिका पुटपुटली, "काका, आमचं इंधन टाकीतल्या पिशवीत बंद असतं, तरंगतच नाही. पण तुम्ही एवढं ठासून बोललात, मी कशी तोंड उघडणार?"

ओळ गेली, काम पास झालं. "आता चाचणी बघूनच जा," शमिका म्हणाली.

"मग कॉफी मी आणणार!"

दोन्ही हातांत पेले, गुडघे कुरकुरतायत, मी दारातून निघालो, तोच कुणीतरी बटण दाबलं. खुर्चीशी पोचलो तेव्हा टाळ्या वाजत होत्या. इंजिन केव्हाच पेटलं होतं!

सगळे गेल्यावर गुपचूप पुन्हा चालून मोजलं. मला एकवीस सेकंद लागतात!