एक नंबर माल

गाडीच्या काचा खाली ठेवायच्या की वर, एवढा साधा निर्णय मी त्या रविवारी सकाळी घेतला. हिंगणघाटचा मे महिना. काचा बंद ठेवल्या की स्टिअरिंगला हात लावायची सोय राहत नाही, म्हणून खाली केल्या. (माझे निर्णय असे विचारपूर्वक असतात. बायकोला ते मान्य नाही.) मग खिडकीतल्या कूलरमध्ये पाण्याचा पाईप सोडला आणि शेजारच्या नत्थूजींशी फाटकाजवळ बोलत बसलो. विषय होता, लोक किती निष्काळजी असतात. तिकडे पाईप निसटला तो थेट खाली उभ्या असलेल्या माझ्या सेकंडहँड गाडीत पडला आणि अर्धा तास पुढच्या दोन्ही सीटांवर पाणी सोडत राहिला.

"काऊन हो," आतून प्रमिला ओरडली, "गाडीत तळं भरून राह्यले काय?"

एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच दिवशी चार वाजता माझे सासरे लक्ष्मणराव सेलूहून एसटीने यायचे होते. मी कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून आहे. कापसात किती ओल आहे ते यंत्र लावून सांगणं माझं काम. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांचा कापूस मी ओला म्हणून परत पाठवला. (नियम म्हणजे नियम! साहेब शेजारी उभे होते.) तेव्हापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. प्रमिलाने तीन वर्षं विनवण्या केल्यावर आज ते येत होते, आणि ते फुगून परत गेले तर तीही त्यांच्याबरोबर सेलूला जाणार होती. तसं तिने मला दोनदा बजावलं होतं.

"सीटा काढा अन् उन्हात टाका. दोन घंट्यात वाळते," ती म्हणाली.

"अन् लोक काय म्हणतील? यानं गाडी पापडासारखी वाळू घातली म्हणतील!"

"मंग बाबाले आटोनं आणा."

"घरी गाडी असताना आटो?"

मी डोकं चालवलं. कूलर ओढत आणला, गाडीच्या दाराला लावला आणि पंखा सुरू केला. वारा झकास लागत होता. अडचण एवढीच, की सवयीने पंख्याबरोबर पंपाचंही बटण दाबलं गेलं होतं. मी जेवून येईपर्यंत गाडीत सुखद, दमट गारवा पसरला होता.

तीन वाजले. मी घरातले सगळे टॉवेल सीटांवर घासले आणि शेवटी दुरुस्तीसाठी घरी आणलेलं जिनिंगमधलं ओल मोजायचं यंत्र काढून सीटवर टेकवलं. काटा आठवर थांबला.

"आठ टक्के!" मी ओरडलो. "एक नंबर माल!"

"अवो, ते कापसाचं यंत्र हाय. सीटच्या आत स्पंज हाय."

"यंत्र खोटं बोलत नाई," मी म्हणालो आणि निघालो. (ते यंत्र दुरुस्तीला का आलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.)

स्टँडवर सासरे गाडी पाहून चक्क हसले. "जावाईबापू, गाडी घेतली म्हना!" म्हणत ऐटीत पुढे बसले. मला बसल्या बसल्या खालून ओलसर लागलं, पण मे महिन्यात घामाची चौकशी कोण करतो? पाच मिनिटांत सासऱ्यांचं बोलणं बंद पडलं. दहाव्या मिनिटाला त्यांचा चेहरा उतरला. कापूस आठवला वाटतं!

फाटकाशी गाडी थांबली. सासऱ्यांनी माझा हात घट्ट धरला.

"जावाईबापू," ते कानाशी कुजबुजले, "वय झालं. धोतर वलं झालं. मले समजलंच नाई. प्रमिलाले सांगू नोका."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला होता. शिवाय खरं सांगितलं असतं, तर प्रमिलाची बॅग भरायला पाच मिनिटं पुरली असती. मी मोठ्या मनाने त्यांचा हात थोपटला. "चालायचंच, मामाजी. वयात होते असं. मी कोनाले सांगत नाई."

"देवमानूस आहा तुमी," म्हणत त्यांनी डोळे पुसले.

मी रुबाबात उतरलो, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, त्यांना उतरवलं आणि त्यांची पिशवी काढायला मागच्या सीटवर वाकलो. माझी पाठ, म्हणजे पँटची मागची बाजू, त्यांच्याकडे, नत्थूजींच्या फाटकाकडे आणि ओट्यावर ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या प्रमिलाकडे होती.

मग सासऱ्यांचा आवाज आला. तो आता मुळीच कुजबुजता नव्हता.

"प्रमिला! माह्यं सत्तरीत सुरू झालं बाई, ते समजते. पन जावाईबापूचं चाळिशीतच? अन् तुवा मले पत्रात कळवलं बी नाई?"