मांजर धरण्यात आले त्याची हकीगत

श्री. लेखणी चालो, शाई न सुको, सही वेळेवर मिळो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरे, माघ वद्य पंचमीचे दिवशी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे सांगतो, मधे कोणी हसू नका रे, हसलात तर माझा धागा सुटतो. तर एक राज्य होते, नाव कशाला घ्या. तीन खोल्या, एक वजनकाटा, अकरा पिंजरे एवढा मुलूख, आणि प्रजा म्हणाल तर कुत्री, मांजरे, एक कासव, आणि एक पोपट, जो डॉक्टरांचे आवाजात 'नेक्स्ट' म्हणून ओरडे आणि लोक खुशाल आत शिरत. या राज्यात कस्तुरीबाई पाचपुते, वय वर्षे एकोणीस, जनावरांच्या नर्सचे शिक्षण घेण्यास दाखल जाहल्या. हात हलका, मन हळवे, कुत्रा चावला तर कुत्र्याचीच समजूत काढीत. आणि राज्याच्या किल्लेदार म्हणजे थोरल्या नर्स शेवंताताई तांडेल; तीस वर्षांची चाकरी, त्यांनी नुसते खाकरले तरी अल्सेशियन खाली बसे.

आणि त्या राज्याचा कायदा असा की, काम केले एवढ्याने भागत नाही. पोर्टफोलिओ नामे एक जाडजूड फाईल, तीत सत्तावीस कामे, आणि दर कामाची तारीख, वेळ, थोरल्यांची सही, आणि खाली 'यातून मी काय शिकले' यावर दहा ओळी. लिहिले नाही ते घडलेच नाही, आणि एकही नोंद नापसंत जाहली तर वर्ष गेले, पुन्हा पहिल्यापासून कासव. मग कस्तुरीबाईंनी जुने केसपेपर वाचवाचून तीच भाषा उचलली, आणि लिहित्या जाहल्या की, इंजेक्शन देण्यात आले, पिंजरा पुसण्यात आला, कासवास धीर देण्यात आला. ऐशा सव्वीस नोंदी सिद्ध जाहल्या आणि सत्ताविसावी तेवढी राहिली: 'बिथरलेले जनावर कमीत कमी जोर लावून धरणे.' आणि तपासनीसबाई त्याच दिवशी अकरा वाजता येणार!

मग साडेनऊस चिंगी नामे मांजर, शेपटीला जखम, मिजाजाला मोठी जखम, बास्केटीत बसून पट्टी बदलण्यास आले. कस्तुरीबाईंनी मनात विचार केला की, एकदा हात मांजरात गुंतले की लिहायचे कधी? म्हणोन आधीच लिहून टाकिले, 'नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मांजर शांतपणे धरण्यात आले,' आणि यातून काय शिकल्या तेही लिहिले, आणि फाईल घेऊन शेवंताताईंपाशी गेल्या. ताई एका डॉबरमनचे कान धूत होत्या. "कुठे करू गं? इथे? ही घे केली," म्हणोन ओल्या हाताने सही दिली. मग कस्तुरीबाईंनी बास्केटीचे दार उघडिले, आणि चिंगीने पहिली उडी वजनकाट्यावर, दुसरी पोपटाच्या पिंजऱ्यावर घेतली, आणि पोपट 'नेक्स्ट' ओरडला, आणि बाहेरून तीन कुत्री मालकांसकट आत आली, आणि चिंगीने औषधांच्या कपाटाचे शिखर सर केले. टॉवेल टाकिला, हातमोजे चढविले, स्टूल लाविले, जो जो जोर लावावा तो तो चिंगी भिंतीत शिरे. मग कस्तुरीबाईंनी सगळ्यांस बाहेर काढिले, दार लाविले, दिवा मालविला, शेवंताताईंच्या डब्यातली नुसती भाजलेली सुकट मूठभर मागून घेतली आणि कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसून राहिल्या. वीस मिनिटे. न हलता, न बोलता, पायाला मुंग्या येऊनही. आणि चिंगी आपणहून उतरली, सुकट खाल्ली, मांडीवर बसली, आणि टॉवेलात गुंडाळून घेऊन पट्टी बदलूनही गेली.

इतक्यात तपासनीस सुनीती देशमानेबाई लाल पेन घेऊन दाखल जाहल्या. फाईल चाळिली, आणि चष्म्यावरून बघत्या जाहल्या.

"'कासवास धीर देण्यात आला.' कोणी दिला?"

"मीच दिला, मॅडम."

"मग 'मी' कुठाय? सव्वीस नोंदी वाचल्या, एक माणूस भेटलं नाही मला. दवाखाना भुतं चालवतात काय? बस इथे, प्रत्येक नोंदीत 'मी' घाल. मी थांबते."

मग कस्तुरीबाई भराभर लिहित्या जाहल्या, मी दिले, मी पुसला, मी दिला, आणि सत्ताविसावीपाशी आल्या. 'मी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मांजर...' आणि पेन थांबले. धरण्यात आले होते तोवर ते खोटे कोणाचेच नव्हते. 'मी' बसले आणि ते त्यांचे जाहले. सही तयार, वर्ष हाताशी, अजून दोनच शब्द. कस्तुरीबाईंनी पेन खाली ठेविले.

"मॅडम, नऊ चाळीसला मांजर कपाटावर होतं. मी हे आधीच लिहून ठेवलं होतं."

"अगं ए!" शेवंताताई दारातूनच कडाडल्या. "माझी सही आहे ना त्याच्याखाली!"

"ताई, तुम्ही वाचून केलीत ना सही?" तपासनीसबाईंनी विचारिले.

"पिचकारी होती मॅडम हातात. डॉबरमनचा कान की अक्षर, काय काय बघू?"

देशमानेबाईंनी त्या नोंदीवर इकडून तिकडे लाल रेघ ओढिली. कस्तुरीबाईंस वाटले, वर्षावरच ओढिली. "आता इथेच लिही," बाई बोलल्या, "जे झालं ते." मग कस्तुरीबाईंनी लिहिले: मी आधी लिहिलं आणि मग दार उघडलं, हे चुकलं. मी टॉवेल टाकला, मांजर जास्तच घाबरलं. मग मी पाठ करून बसले. वीस मिनिटं काहीच केलं नाही, म्हणून ते आलं. दहा ओळी मागितल्या होत्या, चार जाहल्या.

बाईंनी वाचिले, पुन्हा वाचिले. "मागितलेलं काम हेच होतं, बाळ. बारा वर्षांत 'काहीच केलं नाही' असं कोणी लिहून दिलं नव्हतं मला. ताई, सही."

या खेपेस शेवंताताईंनी चष्मा लाविला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचिले, आणि पेन उचलेनात.

"मी लिहिलं, मी टाकला, मी बसले. आणि सुकट? ती काय आभाळातून पडली?"

मग कस्तुरीबाईंनी पाचवी ओळ लिहिली की, सुकट शेवंताताईंची, आणि सही जाहली.

सारांश, कस्तुरीबाई पाचपुते सत्तावीस कामांत उत्तीर्ण होऊन त्याच राज्यात कायम जाहल्या, चिंगीची शेपूट बरी जाहली, आणि शेवंताताई त्या दुपारी कोरा भात जेवल्या. वर्तमान एवढेच.